आधी मोजपट्टी, मग केस: आर्चटॉप गिटारसाठी केस निवडताना

आर्चटॉप गिटार पलंगावर उताणी ठेवा आणि खाली वाकून बाजूने बघा. सपाट असं काहीच दिसणार नाही. वरची फळी मधोमध टेकडीसारखी उचललेली असते, मागची फळीही तशीच फुगलेली, त्यामुळे ती पाठीच्या एका उंचवट्यावर डोलते. वरच्या टेकडीच्या माथ्यावर ब्रिज, म्हणजे तारांना खालून उचलून धरणारा भाग, उभा असतो आणि तोही चिकटवलेला नसतो, व्हायोलिनसारखा फक्त तारांच्या दाबाने जागेवर राहतो. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, मागे कललेला, आणि त्याच्या टोकाला तारांच्या खुंट्यांचा हेडस्टॉक आणखी मागे झुकलेला. या आकाराला साजेशी केस शोधायची, एवढंच काम आहे. पण साध्या अकूस्टिक गिटारची केस सपाट झाकणाची असते आणि तिच्यात आर्चटॉप कशीबशी मावतेही, म्हणून नवखा माणूस तिथेच फसतो.

मीही फसलो होतो. माझी पहिली आर्चटॉप जवळजवळ वर्षभर ड्रेडनॉट (सपाट फळीच्या मोठ्या अकूस्टिक) गिटारच्या केसमध्ये राहिली. झाकण शेवटच्या बोटभर अंतरात थोडं दाबावं लागायचं, बाकी काही तक्रार नव्हती. मग एक दिवस एफ-होलच्या (वरच्या फळीतल्या ‘f’ आकाराच्या छिद्राच्या) टोकापासून निघालेली बारीक भेग दिसली. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने गिटारकडे नंतर बघितलं. आधी त्याने केस उघडली आणि झाकणाच्या अस्तरावर उमटलेला ब्रिजचा ठसा मला दाखवला. रोज झाकण लावताना मी ब्रिजच्या दोन पायांमधून सगळा जोर वरच्या फळीवर देत होतो.

तेव्हापासून कोणतीही केस बघितली की मी एकच विचारतो: ही गिटारला कुठे धरते? चांगली केस गिटारला कडेने धरते आणि नेकला खालून आधार देते. दोन्ही फळ्यांचे उंचवटे, ब्रिज आणि हेडस्टॉक यांना ती हात लावत नाही. कवच किती मजबूत आणि कुलूप किती भारी, हे त्यानंतर बघायचं.

पहिली पायरी: गिटार मोजा

मॉडेलच्या नावावरून केस मागवू नका. गिब्सनची एल-५ १९२२ साली आली तेव्हा खालच्या बाजूला १६ इंच रुंद होती. १९३०च्या दशकाच्या मध्यात तीच एल-५ १७ इंचांची झाली. १९३४ साली आलेली सुपर ४०० तर १८ इंच रुंद. (तिच्या नावातला आकडा मापाचा नाही, तेव्हाच्या डॉलरमधल्या किमतीचा आहे.) १७ इंचांच्या केसमध्ये १८ इंचांची गिटार कितीही समजूत घातली तरी बसत नाही.

हवी असलेली मापं अशी: खालच्या फुगीर भागाची सर्वांत जास्त रुंदी, कमरेची रुंदी, वरच्या फुगीर भागाची रुंदी, नुसत्या बॉडीची लांबी आणि पट्ट्याच्या खालच्या बटणापासून हेडस्टॉकच्या टोकापर्यंतची एकूण लांबी. बटण विसरू नका. ते केसच्या भिंतीला टेकत असेल, तर केस उभी आपटल्यावर सगळा धक्का त्या बटणावाटे आतल्या लाकडी ठोकळ्यावर जातो.

रुंदी मोजताना शिंप्याची टेप गिटारवरून टाकू नका. टेप फुगवट्यावरून वळसा घेऊन जाते आणि माप जास्त येतं. गिटार टेबलावर मऊ टॉवेलवर ठेवा, दोन्ही कडांना एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं माप, म्हणजे जाडी. जाहिरातीत किंवा कॅटलॉगमध्ये दिलेली जाडी बहुतेक वेळा फक्त बाजूच्या पट्टीची असते. पूर्ण जाडीच्या आर्चटॉपमध्ये ती साधारण ३ ३/८ इंच, म्हणजे ८.६ सेंटीमीटर असते. पण केसला पेलायची असते ती एकूण उंची: मागचा फुगवटा, बाजूची पट्टी, वरचा फुगवटा आणि त्यावर ब्रिज. दोन्ही फुगवटे मिळून साडेतीन-चार सेंटीमीटर आणि ब्रिज व तारांचे अडीच धरले, तर ८.६ चा आकडा साडेचौदा ते पंधरा सेंटीमीटरवर जातो. केस घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात होतात. एकूण उंची मोजायला गिटार टेबलावर उताणी ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी ती सरळ धरायला सांगा, ब्रिजवरच्या तारांना अलगद टेकेल अशी पट्टी आडवी धरा आणि टेबलापासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर घ्या.

उलटी चूकही होते. गिब्सनचीच १९५८ ची ईएस-३३५ आणि १९४९ ची ईएस-१७५ या दोन्ही रुंदीला साधारण सारख्याच, १६ इंचांच्या आसपास. पण ३३५ ची बाजूची पट्टी जेमतेम पावणेदोन इंच. तिच्या केसमध्ये १७५ घातली तर झाकण लागणार नाही. १७५ च्या केसमध्ये ३३५ घातली तर झाकण आरामात लागेल आणि गिटार आत खाली-वर आपटत राहील. पातळ बॉडीची गिटार असेल तर पातळ बॉडीचीच केस शोधा.

कटअवेचा, म्हणजे नेकजवळ बॉडीला दिलेल्या खाचेचा, प्रकारही लिहून ठेवा. गोल कटअवे असेल तर फारशी चिंता नाही. ईएस-१७५ सारखं टोकदार शिंग असेल, तर ते टोक केसच्या आतल्या कुठल्याही कडेला भिडता कामा नये. धक्का बसला की पहिल्यांदा तेच तुटतं.

दुसरी पायरी: कोणत्या जातीची केस

मऊ बॅग पाठीवर घेऊन चालायला सुखाची असते. पण आर्चटॉपच्या बाबतीत ती एक गोष्ट मुळीच करत नाही: समोरून आलेला जोर ब्रिजपर्यंत पोचण्याआधी अडवत नाही. गर्दीत कुणाचा कोपर लागला, तर तो जवळजवळ थेट ब्रिजवर लागतो. बॅग घ्यायचीच असेल तर समोरच्या बाजूला ताठ पत्रा शिवलेली घ्या, आणि गिटार सतत तुमच्याच अंगावर राहणार असेल तेव्हाच वापरा. दाट फोमच्या अर्धकठीण केस वजनाला हलक्या असतात. पण बहुतेकांचा आतला आकार सपाट गिटारसाठीच कापलेला असतो.

रोजच्या वापरासाठी माझी पसंती अजूनही प्लायवूडच्या जुन्या पद्धतीच्या कठीण केसला आहे, मात्र कमानदार झाकणाची. कमानीमुळे ब्रिजला वर जागा मिळते हे उघडच आहे. शिवाय कमान स्वतःच ताकद देते, वरून आलेला भार कडांकडे वाहून नेते. सपाट झाकण मधोमध दाबलं की खाली जातं, आणि मधोमध नेमका ब्रिज असतो. मोठ्या आर्चटॉपची अशी केस रिकामी असतानाच चार ते सहा किलो भरते. जिने चढून-उतरून जाणाऱ्यांनी हे वजन आधी हातात घेऊन बघावं.

साच्यातून काढलेल्या एबीएस प्लॅस्टिकच्या केस पावसापाण्याला चांगल्या असतात. फक्त झाकणाच्या मधोमध तळहाताने दाबून बघा. पत्र्याच्या डब्यासारखं आत-बाहेर होत असेल, तर ती केस आर्चटॉपसाठी नको.

सतत प्रवास करणारे वादक फायबरग्लास किंवा कार्बन फायबरच्या केस घेतात. फायबरग्लासमध्ये कॅल्टन हे नाव तुमच्या कानावर पडेल. अशा काही केस गिटारची मापं घेऊन बनवून मिळतात, म्हणून पहिल्या पायरीतला कागद जपून ठेवा. धातूच्या कोपऱ्यांच्या फ्लाइट केस ट्रकमधून वाद्यं नेणाऱ्या बँडसाठी असतात. घरात एक गिटार असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग कमी आणि पाठदुखी जास्त.

तिसरी पायरी: विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

“आर्चटॉपसाठी आहे का?” असं विचारलं तर उत्तर नेहमी होच येतं. त्याऐवजी आकडे विचारा. आतली रुंदी, खालच्या फुगीर भागापाशी, अस्तरासकट. ब्रिज येईल त्या जागी तळापासून झाकणापर्यंतची आतली उंची, झाकण बंद असताना. नेकचा आधार बॉडीच्या टोकापासून किती अंतरावर आहे. हेडस्टॉकच्या खाली किती खोली आहे. आकडे मिळत नसतील तर उघड्या केसचा वरून आणि बाजूने फोटो मागवा. परत करता येईल का, हेही आधी लेखी विचारून घ्या, कारण शेवटचा निकाल गिटार प्रत्यक्ष आत ठेवल्यावरच लागतो.

चौथी पायरी: घरी आणून तपासणी

या पायरीला घाई करू नका. केस घेऊन तासभर बसावं लागलं तरी चालेल.

आधी रिकाम्या केसमधून हात फिरवा. अस्तराखाली स्टेपलचं टोक, खिळ्याचं डोकं किंवा वाळलेल्या गोंदाचा खडा लागतो का ते बघा. कप्प्याच्या झाकणाची खीळ आतल्या बाजूला निघालेली असेल तर तीही बघा, ती नेकच्या मागे ओरखडा पाडते.

गिटार ठेवा. ती स्वतःच्या वजनाने खाली बसली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. मग कडेवर एका बोटाने हलकं दाबा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. गिटार होडीसारखी डोलत असेल, तर केसचा तळ सपाट आहे आणि पाठीचा फुगवटा एकट्याने भार घेतो आहे. चांगल्या आर्चटॉप केसच्या तळाला कडेने जाड गादी आणि मधोमध खोलगट जागा असते, त्यामुळे कडा टेकतात आणि फुगवटा मोकळा राहतो. डोलणं थोडंसंच असेल, तर कडेखाली दाट फोमच्या सुती कापडात गुंडाळलेल्या पट्ट्या ठेवून बघता येतं. खूप असेल तर केस परत करा.

आता हेडस्टॉक. कागदाची एक पट्टी कापा आणि हेडस्टॉकच्या खालून आरपार सरकवा. ती कुठेही न अडकता गेली पाहिजे. अडकली, तर हेडस्टॉक तळाला टेकतो आहे, आणि हे सगळ्यांत धोकादायक आहे. केस पाठीवर पडली की बॉडी गादीत थांबते, पण खुंट्यांच्या वजनाने जड झालेला हेडस्टॉक मागे झटका घेतो. महोगनीच्या नेकमध्ये, जिथे हेडस्टॉक मागे वळतो तिथे लाकडाचे तंतू आखूड कापलेले असतात, आणि ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) खोबणही बहुधा तिथेच असते. तळाला टेकलेला हेडस्टॉक पडताना थेट मार खातो आणि तिथेच मोडतो. म्हणून आधार नेकच्या खाली हवा, नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) अलीकडे. आर्चटॉपचा नेक मागे कललेला असल्याने सपाट गिटारच्या केसमध्ये हा घोटाळा हमखास होतो.

पुढे ब्रिज. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, तिचा तीनेक सेंटीमीटर उंचीचा सैलसर बोळा करा, घट्ट दाबू नका. ब्रिजवरच्या तारांवर मऊ कापडाची घडी ठेवा, त्यावर बोळा ठेवा. झाकण हळूच खाली आणा, कड्या लावू नका, आणि पुन्हा उघडा. चपटा झालेला बोळा आणि कापड मिळून जेवढी उंची उरली, तेवढीच ब्रिज आणि झाकण यांच्यामधली जागा. मला ती किमान एक सेंटीमीटर हवी असते. बोळा अजिबात चपटा झाला नाही तर जागा भरपूर आहे. पार भुईसपाट झाला तर ही केस तुमच्या गिटारची नाही.

एक सेंटीमीटर का? दमट हवेत वरची फळी फुगून थोडी वर येते, तिच्याबरोबर ब्रिज आणि तारांची उंचीही वाढते. कोरड्या दिवसांत अगदी बेताची वाटणारी जागा दमट दिवसांत पुरणार नाही. शिवाय पुढे कधीतरी तुम्ही ब्रिजची चाकं फिरवून तो वर कराल, तेव्हा हे गणित कुणाच्याही लक्षात राहत नाही.

मग बाजूंचं मोकळेपण. बॉडी आणि भिंतीच्या मध्ये जागा असेल तर गिटार प्रत्येक वळणावर सरकते. खालच्या दोन्ही बाजूंना आणि कमरेपाशी स्वच्छ सुती कापडाच्या घड्या बसवा. बहुतेक केसचा आतला आकार कटअवे नसलेल्या गिटारचा असतो, म्हणून कटअवेच्या पोकळीतही एक घडी ठेवावी लागते. ती शिंगाच्या टोकाला नको, पोकळीत ठेवा.

शेवटी कड्या लावा. प्रत्येक कडी एका बोटाने लागली पाहिजे. गादीवर बसून केस हातभर उचला, हळूहळू एका बाजूला कलती करा, मग दुसऱ्या. कान लावा. धप्प असा आवाज आला तर वरचं सगळं पुन्हा एकदा करा. केस जोरात हलवून बघण्याची गरज नाही.

पाचवी पायरी: अस्तर आणि त्याचा वास

गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर, एक प्रकारचं वार्निश, असेल (बऱ्याच जुन्या आणि काही नव्या आर्चटॉपवर असतं), तर रबर आणि काही प्रकारचे विनाइल तिला लागू देऊ नका. त्यांच्यातले प्लॅस्टिसायझर (त्यांना लवचीक ठेवणारी रसायनं) लॅकर मऊ करतात आणि तिथे चिकट डाग पडतो, तो पुसून जात नाही. नेकचा आधार रबरी असेल तर त्यावर जाड सुती कापड घाला. नवी केस उघडल्यावर गोंदाचा तीव्र वास येत असेल, तर दोन-चार दिवस उघडीच ठेवा आणि मगच गिटार आत ठेवा.

जुन्या गिटारच्या मालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती वेळेवर सांगणारा कुणी नसतो. जुने पिकगार्ड (तारांशेजारची संरक्षक पट्टी) आणि बाइंडिंग (कडेची पट्टी) बहुधा सेल्युलॉइडचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे, असतात. सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजायला लागतं आणि आम्लयुक्त वायू सोडतं. बंद केसमध्ये तो वायू कोंडतो आणि फ्रेट, पिकअप, टेलपीस (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तो भाग), तारा यांना गंज चढवतो. पिकगार्डला भेगा पडत असतील, तो वाकत असेल, आसपासचा धातू हिरवट दिसत असेल, तर पिकगार्ड काढून गिटारपासून वेगळा, हवा लागेल अशा जागी ठेवा. केसच्या कप्प्यात मुळीच नको. बाइंडिंग कुजत असेल तर कारागीर गाठा.

जुन्या गिटारबरोबर आलेली मूळ केस टाकू नका, तिला स्वतःचं मोल असतं. पण बुरशीचा वास येणाऱ्या, बिजागऱ्या सैल झालेल्या केसमध्ये गिटार ठेवू नका. मूळ केस कपाटात, गिटार नव्या केसमध्ये.

सहावी पायरी: कड्या, बिजागऱ्या, हँडल

हँडल नुसत्या स्क्रूवर नको, आतून धातूची पट्टी देऊन नट-बोल्टने बसवलेलं हवं. गिटार भरलेली केस उचलताना कुठल्या बाजूला कलते ते बघा. आर्चटॉपची बॉडी मोठी असते, म्हणून काही केस बॉडीच्या बाजूला झुकतात आणि मनगट दुखवतात. बिजागऱ्या किमान तीन, आणि झाकण उघडं राहावं म्हणून आतून पट्टी असावी. कुलपाला मी फारसं महत्त्व देत नाही.

सातवी पायरी: हवा आणि प्रवास

केस गिटारला बदलत्या हवेपासूनही जपते, म्हणजे बदल सावकाश होऊ देते. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आकडा राहिला तर लाकूड सुखी असतं. ओलावा देणारी-घेणारी पाकिटं मिळतात, ती हेडस्टॉकच्या आसपास किंवा कप्प्यात ठेवा, लाकडाला लागून नको.

उन्हात बंद गाडीत गिटार ठेवू नका, कितीही चांगली केस असली तरी. आतली उष्णता सरसाचे जोड मऊ करू शकते. थंडीतून उबदार खोलीत आलात, तर केस लगेच उघडू नका. तासभर, फार थंडी असेल तर आणखी वेळ, बंदच राहू द्या. थंडगार लॅकरला एकदम उबदार हवा लागली की त्यात बारीक भेगांची जाळी पडते.

विमानप्रवासाआधी कंपनीचे नियम वाचा. अमेरिकेत २०१२ च्या कायद्यावर आधारलेला आणि २०१५ पासून लागू असलेला नियम आहे: चढताना केबिनमध्ये सुरक्षित जागा शिल्लक असेल, तर विमानकंपनीने वाद्य सोबत नेऊ द्यायचं. पण १७ इंचांची आर्चटॉप कठीण केससकट वरच्या कप्प्यात मावणं अवघड. खाली सामानात द्यायची वेळ आली, तर अनेक कंपन्यांची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा ही केस ओलांडते, तेव्हा आधीच विचारून ठेवा. गिटारवर ब्राझिलियन रोजवुड असेल, तर सीमा ओलांडण्यापूर्वी परवान्यांची चौकशी करा. ते लाकूड १९९२ पासून साइटिसच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे.

प्रवासाआधी तारा पूर्ण ढिल्या करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. आर्चटॉपला तो चालत नाही. ब्रिज पिनांनी जखडलेला नसेल तर तारा सुटताच तो सरकतो किंवा आडवा होतो, आणि बिजागरीवरचा टेलपीस खाली येऊन फळी खरवडतो. एक-दोन स्वर उतरवा, तेवढं पुरे. टेलपीसखाली मऊ कापडाची घडी सरकवा. ब्रिजच्या पायांची जागा आधी फोटो काढून टिपून ठेवा, म्हणजे तो हलला तरी परत नेमका बसवता येईल. हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना आणि वर मऊ कपडे भरा, खाली मात्र फक्त हलकी घडी, हेडस्टॉक वर उचलला जाणार नाही एवढीच. कप्प्यात कॅपो, ट्यूनर, धातूची साधनं सुटी ठेवू नका.

आणि पहिल्याच दिवशी लावून घ्यायची एक सवय: गिटार आत ठेवून झाकण नुसतं पाडून ठेवू नका. बंद दिसणारी केस घरातलं कुणीतरी हँडलला धरून उचलतं, झाकण उघडतं आणि गिटार जमिनीवर येते. पाणी प्यायला उठत असाल तरी झाकण लावल्यावर कड्या लावा. किंवा झाकण सरळ उघडं ठेवा.